समृद्धीवर रात्री टायर बसला तर? रनफ्लॅट घ्यायचे की साधे टायर आणि स्टेपनीच बरी?

९ सप्टेंबर २०२५ ची मध्यरात्र. समृद्धी महामार्गावर, छत्रपती संभाजीनगरजवळच्या माळीवाडा भागात, मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांचे टायर एकामागून एक बसले. व्हिडिओ बाहेर आला. काँक्रीटमध्ये ओळीनं उभे असलेले, खिळ्यांसारखे दिसणारे तुकडे आणि बाजूला हताश उभी माणसं. सकाळपर्यंत तो व्हिडिओ राज्यभरातल्या फॅमिली ग्रुपवर पोहोचला होता आणि सोबत मजकूर होता, ‘लुटारूंनी समृद्धीवर खिळे ठोकले, रात्रीचा प्रवास टाळा.’

लुटारू वगैरे काही नव्हतं. रस्ते विकास महामंडळानं नंतर खुलासा केला. काँक्रीटला पडलेल्या बारीक भेगांमध्ये इपॉक्सी भरायचं काम चालू होतं आणि ते भरण्यासाठी बसवलेले ॲल्युमिनियमचे नोझल तसेच उभे राहिले होते. भेग बुजवायची तर नोझल लागणारच, त्यात चूक नाही. पण त्या पट्ट्यावरून भरधाव गाड्या जात होत्या, म्हणजे वाहतूक बाजूला वळवण्याची नीट सोय झाली नव्हती. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बरंच बोलून झालंय.

आपला विषय त्या व्हिडिओखालच्या सल्ल्यांचा आहे. असा कुठलाही व्हिडिओ आला की खाली दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘रनफ्लॅट टायर टाका, पंक्चरचं टेन्शनच नको.’ दुसरा म्हणतो, ‘पैसे वाया घालवू नका, स्टेपनी आहे ना.’ दोघंही अर्धं खरं बोलतात. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर आधी हा प्रश्न आपल्या भागात एवढा जवळचा का झालाय ते बघू.

शेंद्र्याच्या गेटपासून सुरू होणारा प्रश्न

शेंद्रा म्हटलं की एमआयडीसी, ऑरिक आणि गाड्या. जालना रोडनं चिकलठाणा विमानतळ मागे टाकून पुढं गेलं की स्कोडाचा कारखाना लागतो. २००१ साली इथून ऑक्टाव्हिया बाहेर पडायला लागली. पुढं ऑडीच्या गाड्याही इथंच जोडल्या जाऊ लागल्या आणि आजची कोडिॲकही इथलीच. शहराच्या दुसऱ्या टोकाला वाळूजमध्ये गुडइयरचा टायरचा कारखाना आहे. म्हणजे गाडी आणि टायर या दोन्ही गोष्टी या शहराला नव्या नाहीत. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा देशभरातल्या पेपरांनी बातमी केली होती. त्या वेळच्या आणि त्यानंतरच्या कितीतरी जर्मन गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे फिरतायत.

मग आला समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा. एकूण ७०१ किलोमीटर. शेंद्र्यात सेकंड शिफ्ट संपवून नागपूरला गावी निघणारा इंजिनिअर, जालन्याहून मुंबईला मीटिंगला जाणारा स्टीलवाला, सगळे आता याच रस्त्यानं जातात. कारसाठी वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर.

जुन्या जालना रोडवर टायर बसला तर काय व्हायचं? गाडी साइडला घ्यायची, कुणालातरी विचारायचं, अर्ध्या किलोमीटरवर कंप्रेसर आणि जुन्या टायरची चळत दिसायची. नाहीतर पंक्चरवाला स्वतःच मोटरसायकलवर बसून यायचा. समृद्धीवर यातलं काहीच होत नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद, टपरीला जागा नाही आणि दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे आपला पंक्चरवाला मनात असूनही तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. ७०१ किलोमीटरमध्ये दोन डझनाच्या आसपास इंटरचेंज आहेत, म्हणजे सरासरी तीसेक किलोमीटरला एक बाहेरचा रस्ता. मध्ये अडकलात की तुम्ही, तुमची गाडी, आणि शेजारून १२० नं जाणारे ट्रॅव्हल्स आणि कंटेनरच्या लाईट.

‘टायर बदलायला वीस मिनिटं लागतात’ हे पार्किंगमध्ये खरं असतं. एक्सप्रेसवेच्या कडेला, रात्री, ट्रॅफिकच्या बाजूचं चाक बसलेलं असताना ती वीस मिनिटं प्रवासातली सगळ्यात धोक्याची असतात.

रनफ्लॅट म्हणजे नेमकं काय?

साधा टायर हवेवर उभा असतो. रबर, तार, कापड हे सगळं त्या हवेला धरून ठेवण्यासाठी आहे, गाडीचं वजन खरं पेलते ती आतली हवा. हवा गेली की टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, घडी पडून रिमखाली चिरडते.

रनफ्लॅटमध्ये हीच साइडवॉल जाड आणि कडक केलेली असते, उष्णता सहन करणाऱ्या रबराची. हवा शून्य झाली तरी ती बाजू गाडीचं वजन काही काळ पेलते. किती काळ? बहुतेक कंपन्यांचा आकडा एकच आहे: ताशी ८० च्या आत, जास्तीत जास्त ८० किलोमीटर. म्हणजे सरळ हिशोबानं एक तास. गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली असेल तर त्याहूनही कमी धरा.

कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात पोर्शच्या ९५९ या गाडीसाठी ब्रिजस्टोननं असे टायर बनवले होते, १९९७ च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटवर गुडइयरचे रनफ्लॅट कंपनीतूनच बसून यायचे आणि स्टेपनी नसायची. पुढं बीएमडब्ल्यूनं ते आपल्या बऱ्याच गाड्यांवर दिले, तेव्हा ते आपल्याकडच्या रस्त्यांवर दिसायला लागले. टायरच्या बाजूला आरएफटी, आरओएफ, एसएसआर, झेडपी अशी अक्षरं कोरलेली असतील तर तो रनफ्लॅट. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, काम एकच.

इथं पहिला गैरसमज काढून टाकू. रनफ्लॅट पंक्चर होतो. साध्या टायरइतकाच होतो. माळीवाड्याच्या त्या नोझलनी रनफ्लॅटलाही तितकीच भोकं पाडली असती. फरक पुढं आहे. भोक पडल्यावर तो तुम्हाला एक तास देतो.

आता हा एक तास समृद्धीच्या नकाशावर ठेवून बघा. सरासरी तीस किलोमीटरला इंटरचेंज असेल तर ८० किलोमीटरमध्ये दोन इंटरचेंज नक्की येतात. म्हणजे अंधारात न उतरता, पाना-जॅकला हात न लावता, तुम्ही बाहेर पडून उजेडात, माणसात पोहोचता. माळीवाड्याहून तर शहर हाकेच्या अंतरावर. आणखी एक गोष्ट स्टेपनीवाल्या गटाच्या लक्षात येत नाही. नोझलच्या ओळीवरून गाडी गेली की पुढचं चाक जिथून जातं तिथूनच त्या बाजूचं मागचंही जातं. दोन टायर एकदम. स्टेपनी मात्र एकच. चारही चाकांना रनफ्लॅट असतील तर दोन बसले काय आणि तीन बसले काय, गाडी चालते.

आणि अचानक हवा गेली तर? तिथंही रनफ्लॅटला मार्क द्यावे लागतील. वेगात असताना हवा झपकन गेली की साधा टायर रिमवरून सुटू शकतो, गाडी एका बाजूला ओढते. रनफ्लॅटची कडक बाजू गाडी बऱ्यापैकी सरळ ठेवते. पण साइडवॉलच फाटली, किंवा टायरचा वरचा पट्टाच सुटून आला, तर रनफ्लॅट काही करू शकत नाही. त्याचा आधारच साइडवॉल आहे.

मग सगळेच का टाकत नाहीत?

कारण त्या एका तासाची किंमत तुम्ही उरलेल्या सगळ्या तासांत मोजता.

पहिली किंमत पाठीची. जाड साइडवॉल खड्ड्याचा दणका गिळत नाही, वर पाठवते. समृद्धीवर हे जाणवणार नाही. पण समृद्धीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर आपण कुठं असतो? शहरातल्या गल्ल्या, एमआयडीसीतले ट्रकनी खचवलेले रस्ते, गावाकडचा शेवटचा सात-आठ किलोमीटरचा तुकडा. तिथं रनफ्लॅटवरची गाडी खडखडते. दणका टायर घेत नाही म्हटल्यावर तो रिमकडे जातो, आणि अलॉय व्हील वाकणं हे आपल्याकडच्या रनफ्लॅटवाल्यांचं नेहमीचं दुखणं आहे.

दुसरी किंमत खिशाची. त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा रनफ्लॅट ठळकपणे महाग असतो. पण खरी मेख खरेदीत नाही, पंक्चरनंतर आहे. साध्या ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर चौकातला माणूस पाच-दहा मिनिटांत रबराची वात भरतो आणि टायर पुढं दोन-तीन वर्षं चालतो. रनफ्लॅट हवेशिवाय चालवला की आतली बाजू किती भाजली, किती चिरडली हे बाहेरून कळत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या अशा टायरची दुरुस्ती करू नका, बदला, असंच सांगतात. तासाभरासाठी वापरलेला टायर अख्खा गेला. माळीवाड्यासारखे दोन गेले असतील तर दोन.

तिसरी किंमत वेळेची, ही सगळ्यात कमी बोलली जाते. ८० किलोमीटर चालवून तुम्ही इंटरचेंजमधून बाहेर आलात, रविवारची रात्र आहे, आणि तुमच्या मापाचा रनफ्लॅट त्या गावात कुणाकडेच नाही. स्टेपनी नाही, कारण रनफ्लॅट आहेत म्हणून कंपनीनं दिलीच नव्हती. मग गाडी टोचन करून शहरात आणायची आणि टायर येईपर्यंत वाट बघायची. मोठ्या शहरातून मागवायला लागला तर दिवस जातात. साध्या टायरवाला तोवर स्टेपनीवर घरी पोहोचून जेवून झोपलेला असतो.

आणि एक तांत्रिक अट. रनफ्लॅटवर हवा गेलेली ड्रायव्हरला कळतच नाही, गाडी तशीच चालत राहते. म्हणून टायरचं प्रेशर दाखवणारी यंत्रणा, जिला आपण टीपीएमएस म्हणतो, ती नसलेल्या गाडीवर रनफ्लॅट टाकणं धोक्याचं आहे. ८० च्या जागी १२० नं चाललात तर तो एक तासही मिळणार नाही. गाडीचं सस्पेन्शनही त्या कडकपणाचा विचार करून बसवलेलं असावं लागतं. तुमच्या स्विफ्ट किंवा नेक्सॉनला हौसेनं रनफ्लॅट टाकून देणारा दुकानदार भेटला, तर त्याला नमस्कार करून निघा.

स्टेपनी तरी कुठं राहिलीय?

इथं गोष्टीला वळण आहे. ‘मला काय, माझ्याकडे स्टेपनी आहे’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा डिकी उघडून बघावी.

जुलै २०२० मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर असतील, टीपीएमएस असेल आणि टायर दुरुस्तीचं किट दिलेलं असेल, तर स्टेपनीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून हे लागू झालं. कारण समजण्यासारखं आहे. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा हवी, सीएनजी गाडीत टाकीला, वजन कमी झालं की ॲव्हरेज वाढतं. कंपन्यांचाही खर्च वाचतो, ते कुणी जाहिरातीत सांगत नाही.

त्यामुळे आज नव्या गाडीच्या डिकीत तीनपैकी काहीतरी एक सापडतं: पूर्ण मापाची स्टेपनी, बारीक तात्पुरती स्टेपनी, किंवा एक बाटली आणि छोटा पंप. तात्पुरत्या स्टेपनीवर तिची वेगमर्यादा लिहिलेली असते, बहुतेक ८०. बाटलीतलं सीलंट टायरच्या वरच्या पट्ट्यातलं लहान भोक बुजवतं. साइडवॉलला चीर गेली असेल तर बाटली फक्त धीर देते. शिवाय त्या बाटलीला एक्स्पायरी असते. गाडी पाच वर्षांची असेल तर तुमची बाटली बहुधा मेलेली आहे. बाटली वापरल्यावरचा वेग? पुन्हा ८० च्या आत.

म्हणजे ‘रनफ्लॅट की साधा’ हा प्रश्न आता फक्त जर्मन गाडीवाल्यांचा राहिलेला नाही. स्टेपनीशिवायची गाडी घेणारा प्रत्येकजण, त्याला माहीत असो वा नसो, याच प्रश्नात आहे. शोरूममध्ये सनरूफ उघडून बघण्याआधी डिकीतला गालिचा उचलून बघायला हवा.

मधला एक पर्यायही आहे, सेल्फ-सीलिंग टायर. आतून चिकट थर असतो, खिळा घुसला की तो थर खिळ्याभोवती घट्ट बसतो आणि हवा जाऊ देत नाही. भारतात जेके टायरनं २०२२ मध्ये ‘पंक्चर गार्ड’ नावानं असे टायर आणले. हे टायर बाजूनं साधेच असतात, त्यामुळे खड्ड्यात त्रास नाही. पण मोठ्या भोकाला आणि साइडवॉलच्या जखमेला त्यांच्याकडेही उत्तर नाही.

‘टायर फुटला’ या कारणावर किती विश्वास ठेवायचा?

समृद्धीवर अपघात झाला की पहिली बातमी ‘टायर फुटल्यामुळे’ अशी येते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला, तेव्हाही सुरुवातीला ‘टायर फुटला’ हेच सांगितलं गेलं. परिवहन विभागाच्या अहवालानं मात्र तसा पुरावा नसल्याचं म्हटलं. टायर फुटला तर रस्त्यावर रबराचे तुकडे पडतात, खुणा राहतात. त्या सापडल्या नाहीत. टायर हे सोयीचं कारण आहे, कारण तो बोलत नाही.

पण टायर फुटतातही, आणि त्यामागे काँक्रीटचा शाप नसतो. गणित साधं आहे. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. छोट्या कारच्या टायरचा घेर दोन मीटरच्या थोडा आत. म्हणजे चाक सेकंदाला सतरा वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग एकदा दबतो, एकदा सरळ होतो. तासाला साठ हजारांहून जास्त वेळा. हवा बरोबर असेल तर हे दबणं थोडं असतं. हवा कमी असेल तर साइडवॉल जास्त वाकते, तापते, आतले थर सुटायला लागतात. शहरात ४० च्या वेगानं हाच टायर महिनोन्महिने काही न बोलता चालतो. समृद्धीवर तासाभरात तो बोलतो.

म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारा तो सल्ला, ‘उन्हाळ्यात समृद्धीवर जाताना हवा थोडी कमी ठेवा, तापल्यावर वाढते,’ हा सरळ उलटा आणि जीवघेणा आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण दीड पीएसआयनं वाढतं, आणि कंपनीनं दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या आकड्यात हे आधीच धरलेलं असतं. टायर थंड असताना तो आकडा भरायचा, गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा. नायट्रोजननं हवा सावकाश कमी होते, एवढंच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरलाय म्हणून तीन महिने हवा न बघणारा माणूस साधी हवा दर पंधरा दिवसांनी बघणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात आहे.

कार टायरवर वेगाचं एक अक्षर कोरलेलं असतं. एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. आपल्या साध्यातल्या साध्या कारचा निरोगी टायरही १२० सहज सोसतो. फुटतो तो झिजलेला, म्हातारा किंवा उपाशी टायर. वय बघायचं तर बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर असायला हवी. २०२३ मध्ये परिवहन विभागानं समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, तेव्हा बरेच लोक चिडले होते. चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कोर्टाचंही मत असंच आहे. २०१० साली पुण्याहून मुंबईला येताना एका कारचा मागचा टायर फुटला, गाडी दरीत गेली, एक तरुण प्रवासी दगावला. विमा कंपनीचं म्हणणं होतं की टायर फुटणं ही दैवी घटना, म्हणून भरपाई देणं लागत नाही. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. टायर फुटणं हा देवाचा कोप नाही, माणसाचा हलगर्जीपणा आहे, आणि प्रवासाला निघण्याआधी टायर तपासणं ड्रायव्हरचं काम आहे, असा त्याचा अर्थ. कुटुंबाला मिळालेली सव्वा कोटीची भरपाई कायम राहिली.

मग शेंद्र्यातल्या माणसानं काय करावं?

आमचं मत स्पष्ट आहे. तुमची गाडी साध्या टायरवर आणि स्टेपनीसह आली असेल तर रनफ्लॅटच्या नादी लागू नका. तेच पैसे चार चांगल्या टायरवर घाला. गाडीत टीपीएमएस नसेल तर व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर बाजारात मिळतात, ते घ्या, आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप डिकीत ठेवा. बरेच टायर एकदम बसत नाहीत, हळूहळू बसतात. सेन्सरनं वेळेवर सांगितलं तर पंपानं दोनदा हवा भरत तुम्ही इंटरचेंज गाठू शकता. हा गरिबाचा रनफ्लॅट समजा.

गाडी कंपनीतूनच रनफ्लॅटवर आली असेल, आणि महिन्यातून तीन-चारदा समृद्धीनं जात असाल, त्यातही रात्री, एकटे किंवा लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन, तर महाग पडले तरी रनफ्लॅटच ठेवा. त्यांचा तो एक तास तुमच्यासाठीच आहे. उलट गाडी शहरातच फिरते आणि खड्ड्यांनी वैताग आणलाय, तर साध्या टायरवर यायला हरकत नाही. अट एकच: चारही बदला, दोन असे दोन तसे चालवू नका, आणि स्टेपनीची किंवा किटची सोय त्याच दिवशी करा.

सगळ्यात अडचणीत असतो तो सेकंड हँड जर्मन गाडी घेणारा. आधीच्या मालकानं खर्च टाळायला रनफ्लॅट काढून साधे टायर टाकलेले असतात. गाडी मऊ चालते, टेस्ट ड्राइव्हला छान वाटते. डिकीत स्टेपनी नाही, कारण ती कधी नव्हतीच. किट नाही. नव्या मालकाला वाटतं, ‘या गाड्यांना रनफ्लॅट असतात, काळजी नाही.’ मग एका रात्री समृद्धीवर त्याला कळतं की त्याच्याकडे दोन्हीपैकी काहीच नव्हतं. अशी गाडी बघायला गेलात तर रंगावर टॉर्च मारण्याआधी टायरच्या बाजूची अक्षरं वाचा.

आणि समजा, सगळं करूनही टायर बसलाच. ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलेटर सोडा, गाडी आपोआप हळू होऊ द्या आणि डावीकडे या. पुढं थोड्या अंतरावर रुंद, उजेडाची जागा दिसत असेल तर साध्या बसलेल्या टायरवरही रांगत तिथवर जा. टायर जाईल, कदाचित रिमही जाईल. जाऊ द्या. इंडिकेटर चारही चालू, त्रिकोण गाडीच्या बराच मागं, आणि सगळी माणसं कठड्याच्या पलीकडे, गाडीत किंवा गाडीमागं नाही. महामार्गाचा हेल्पलाईन नंबर टोल नाक्यावर आणि बोर्डांवर लिहिलेला असतो, तो चढतानाच फोनमध्ये घालून ठेवा. नाहीतर ११२ आहेच.

राहिली स्टेपनी. हवा भरायला गेल्यावर आपण चार चाकं दाखवतो आणि निघतो. पाचवं डिकीत, बॅगांखाली, दोन-तीन वर्षं कुणी बघितलेलं नसतं. पुढच्या वेळी त्या पोराला सांगा, डिकी उघड, त्यातही हवा बघ.